घरातली जुनी हत्यारांची पेटी: रिस्टोर करायची, ठेवायची का विकायची

घर रिकामं करताना किंवा घरातलं मोठं माणूस गेल्यावर माळ्यावरून एक जड पत्र्याची पेटी खाली उतरते आणि ती जमिनीला टेकायच्या आत घरात तीन मतं तयार होतात. आमच्याकडे दादा म्हणाला विकून टाकू, सगळी गंजलीये, आई म्हणाली कोणी हात लावायचा नाही, आणि मी पॉलिश पेपर आणायला निघाले होते. अण्णा, म्हणजे आमचे वडील, परळच्या एका गिरणीत फिटर होते, १९८२ चा संप झाला, गिरणी परत नीट उभी राहिलीच नाही, मग डोंबिवलीतल्या छोट्या वर्कशॉपमध्ये त्याच हत्यारांवर त्यांनी पुढची वीस वर्षं काढली आणि आम्हा दोघांची शिक्षणं केली. म्हणजे वस्तू साधी नव्हतीच. काय करायचं ते ठरवायला आम्हाला वर्षभर लागलं, त्यानंतर नात्यातल्या आणि शेजारच्या अजून चार पेट्या मी उघडून बसले, आणि त्यातून जे कळलं ते पहिल्यांदाच अशी पेटी हाती आलेल्यांसाठी क्रमाने लिहितेय.

आधी एक सांगते, कारण बाकी सगळं त्यावरच उभं आहे. पेटीबद्दल एकच निर्णय घ्यायला जाऊ नका. पेटी वेगळी, आतली हत्यारं वेगळी, आणि त्यातलं प्रत्येक हत्यार परत वेगळं. घरातली भांडणं होतात ती सगळ्याला मिळून "ठेवा" किंवा "विका" म्हटल्यामुळे.

पायरी १: आठ दिवस काहीही घासू नका

हे मी ठळक सांगतेय कारण माझ्या हातून ही चूक झालीये. काकांची पेटी आली तेव्हा मी ड्रिल मशीनला तारेचा ब्रश लावून झाकण घासायला घेतलं, दहा मिनिटांत पत्रा चांदीसारखा झाला, मला आनंद झाला आणि मी काकूला दाखवायला नेलं. ती म्हणाली, "अगं, नाव कुठे गेलं?" काकांनी स्वतःच्या हाताने पांढऱ्या ऑइल पेंटने झाकणावर नाव लिहिलेलं होतं, खाली खात्याचा नंबर, आणि बाजूला वर्षानुवर्षांच्या खंडेनवमीच्या पूजेचे हळदकुंकवाचे टिळे एकावर एक चढलेले. ते सगळं गेलं. आज काकू नाहीये, पेटी आहे, आणि ते चकचकीत झाकण बघितलं की मला अजून वाईट वाटतं.

रंगाचे पापुद्रे, दुकानाचं लेबल, पंचने मारलेली अक्षरं, पूजेचे डाग, हा सगळा त्या पेटीचा पुरावा असतो. ठेवायची असेल तर तीच आठवण असते, आणि विकायची असेल तर जाणकार गिऱ्हाईक त्याचेच पैसे देतं. गंज महिनाभराने काढला तरी चालतो, फक्त ओलं असेल तर पुसून कोरडं करा आणि वर थोडं मशीनचं तेल लावून ठेवा, एवढंच.

पायरी २: फोटो काढत काढत रिकामी करा

बंद पेटीचा फोटो, उघडल्यावर वरून एक फोटो, वरचा ट्रे काढल्यावर एक, असं करत खाली जा. कुठल्या कप्प्यात काय होतं हे नंतर आठवत नाही, आणि ते महत्त्वाचं असतं कारण रोज काम करणारा माणूस हाताशी काय ठेवायचा आणि तळाला काय ढकलायचा यावरून कुठलं हत्यार खरं वापरातलं होतं ते कळतं. हातमोजे घाला, तुटलेली हॅकसॉची पाती आणि पत्र्याच्या कडा लागतात. प्रत्येक वस्तूला कागदी चिकटपट्टीवर नंबर घालून वहीत उतरवून घ्या.

पुडक्या, चिंध्या, डब्या न उघडता फेकू नका. अण्णांच्या पेटीत तळाशी कॉटन वेस्टचा तेलकट गोळा होता, दादा तो कचऱ्यात टाकणार होता, सोडला तर आत मायक्रोमीटर, म्हणजे अगदी बारीक माप घ्यायचं हत्यार. आणि एक वस्तू होती जी मला आधी काय आहे ते कळलीच नाही. हॅकसॉच्या तुटक्या पात्याचा बोटभर लांब तुकडा, एक टोक घासून सुईसारखं केलेलं, दुसऱ्या टोकाला सूत घट्ट गुंडाळून केलेली मूठ. पत्र्यावर रेघ मारायची आखणी. वरचं सूत तेलाने काळं झालेलं पण एक वेढा नखाने जरा सरकवला तर आतलं अजून पांढरं होतं, गिरणीतलंच सूत ते. बाजारात त्याची किंमत शून्य आहे आणि अख्ख्या पेटीतलं एवढं एकच आम्ही कोणालाच देणार नाही, यावर तिघांचं लगेच एकमत झालं.

पायरी ३: वय आणि मूळ शोधा

इथे वेळ घाला, कारण पुढचे सगळे निर्णय यावर ठरतात आणि खर्च काहीच नाही. लागतं काय तर टॉर्च, भिंग, आणि रॉकेलमध्ये बुडवलेलं मऊ फडकं. फडक्याने हलकेच पुसलं की ठसे वर येतात, रंग असेल तिथे तेवढंही नको.

देशाचं नाव वाचा. "वेस्ट जर्मनी" असेल तर वस्तू १९४९ ते १९९० मधली. शेफिल्ड किंवा बर्मिंगहॅम लिहिलेलं असेल तर बहुतेक इंग्लंडचा जुना माल. स्टॅन्ली, रेकॉर्ड हे रंध्यांसाठी, मूर अँड राईट, स्टॅरेट, मितुतोयो हे मापाच्या हत्यारांसाठी, अशी नावं दिसली तर ती वस्तू बाजूला ठेवा, घाईने द्यायची नाही. नाशिकच्या तापडियाचे पाने आणि पकडी जवळजवळ प्रत्येक पेटीत निघतात, दुर्मिळ नाहीत पण वापरायला उत्तम. पोलादावर बाणासारखी छोटी खूण असेल तर तो ब्रिटिश लष्कराचा माल असण्याची शक्यता मोठी, आणि त्याच्यामागे असलेले शौकीन वेगळेच आहेत.

कागदपत्रं आणि लेबलं तर हत्यारांपेक्षा जास्त बोलतात. झाकणाच्या आत दुकानाचं लेबल असेल तर पत्ता बघा. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला, त्यामुळे "बॉम्बे १२" असा एक-दोन आकडी विभाग लिहिलेला असेल तर लेबल बहुतेक त्याच्या आधीचं किंवा आसपासचं. बिलात आणे असतील तर एप्रिल १९५७ च्या आधीचं, "नये पैसे" असतील तर त्यानंतरच्या काही वर्षांतलं. असं बिल सापडलं तर ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून पेटीसोबतच ठेवा, वेगळं करू नका.

मग पाने मोजा. हे नवीन लोकांना फार गोंधळात टाकतं म्हणून सविस्तर सांगते. जुन्या इंग्लिश पान्यावर ३/८ आणि पुढे डब्ल्यू असं लिहिलेलं असतं, आपण तोंड मोजतो तर ते जवळपास १८ मिलिमीटर भरतं, आणि ३/८ इंच म्हणजे तर साडेनऊ मिलिमीटर, मग वाटतं पाना चुकीचा आहे किंवा तोंड फाकलंय. तसं नसतं. व्हिटवर्थ पद्धतीत पान्यावरचा आकडा बोल्टच्या दांड्याची जाडी सांगतो, नटाची रुंदी नाही. ही पद्धत इंग्लंडमध्ये १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थने मांडली, आपल्या गिरण्यांमधली मशिनरी बरीचशी इंग्लंडहून आलेली, म्हणून फिटरांच्या पेट्यांत हे पाने असायचे. आजच्या मेट्रिक नटांना ते बसत नाहीत म्हणून लोक भंगारात देतात, आणि तिकडे जुन्या बीएसए, नॉर्टन, ट्रायम्फ मोटारसायकली जपणारे लोक ते शोधत फिरत असतात.

पायरी ४: काय जिवंत आहे ते तपासा

नुसता गंज म्हणजे मरण नाही. बोट फिरवलं आणि तांबडी पूड आली तर तो वरवरचा गंज, हत्यार ठणठणीत असतं. खड्डे पडलेले असतील, पापुद्रे सुटत असतील तर खोल गेलाय. हातोडीच्या किंवा पान्याच्या बाबतीत खड्ड्यांनी फारसं बिघडत नाही, पण पटाशीच्या किंवा रंध्याच्या पात्याच्या पाठीला धारेजवळच खड्डे असतील तर धार नीट लागणार नाही.

बिडाचा रंधा असेल तर तोंडाजवळ आणि दोन्ही कुशींना भिंग लावून केसासारखी चीर बघा. चीर असेल तर नवशिक्याने वेल्डिंगच्या नादी लागू नये, पाती आणि स्क्रू सुटे पार्ट म्हणून जातात. मायक्रोमीटर हळूच बंद करून शून्यावर येतो का बघा, अडकला तर जोर लावू नका. छिन्नीचं डोकं हातोडीचे घाव खाऊन फुललेलं असेल तर तशी वापरूच नका, कडेचे तुकडे गोळीसारखे उडतात, ग्राइंडरवर ते आधी उतरवावं लागतं. जुन्या पकडीच्या मुठीवरचं रबर कितीही चांगलं दिसलं तरी विजेच्या कामाला ती घेऊ नका. गुळगुळीत झालेल्या कानशी बहुतेक संपलेल्याच असतात.

पेटी स्वतः बघायची तर बिजागऱ्या, कडी-कोयंडा आणि तळ. तळाला भोकं पडलेली असतील तर पत्रा बदलायचं काम आहे. लाकडी पेटीत बारीक भोकं दिसली तर खाली काळा कागद टाकून चार-पाच दिवस ठेवा, ताजी फिकट पूड पडली तर आत कीड जिवंत आहे, आणि ती पेटी घरातल्या बाकी फर्निचरपासून आधी लांब न्या.

पायरी ५: आता ठरवा, पण एकेका वस्तूचं

मी प्रत्येक वस्तू हातात घेऊन घरच्यांना एकच विचारते, पुढच्या वर्षभरात ही कोण वापरेल, नाव सांगा. नाव आलं तर ती त्या माणसाची, आणि ती कामापुरती रिस्टोर करायची. नाव आलं नाही पण डोळे भरून आले तर ती ठेवायची, आहे तशी. दोन्ही नाही तर ती अशा माणसाकडे जायला हवी ज्याच्याकडे नाव आहे, विकून किंवा देऊन.

देणं हा पर्याय लोक विसरतात. आयटीआयला फिटर ट्रेड शिकणारा एखादा मुलगा किंवा मुलगी ओळखीत असतेच, चांगले पाने आणि हातोडी त्यांना विकत घ्यायला जड जातात. दादाने अण्णांचे तापडियाचे पाने आमच्या इथल्या गॅरेजमधल्या शिकाऊ पोराला दिले आणि मला ते पैशापेक्षा बरं वाटलं.

अख्खी पेटी एकत्र ठेवावी असं मला एकाच परिस्थितीत वाटतं. पेटी, हत्यारं, कागद, सगळ्यावर त्याच माणसाची अक्षरं किंवा तिकीट नंबर (कामगाराचा हजेरीचा नंबर) असेल, आणि सेट पूर्ण असेल, तर तो फोडू नका. एका कामगाराचं अख्खं काम त्यात दिसतं, आणि अशा साध्या माणसांच्या रोजच्या वस्तू टिकल्या नाहीत तर पुढे कुणाला कळणारच नाही हे काम कसं चालायचं. पुण्यात केळकर संग्रहालयात अडकित्ते आणि दिवे बघताना मला हेच जाणवलं होतं, कुणीतरी त्या घरगुती वस्तू वेळेवर जमवल्या म्हणून आपण आज त्या बघतोय.

पायरी ६: रिस्टोर करायचं असेल तर

सुरुवात सगळ्यात स्वस्त पान्यापासून करा, लाडक्या वस्तूपासून नाही. रॉकेलने ग्रीस काढा, मग किराणा दुकानात मिळतं ते लिंबूसत्व, एक लिटर कोमट पाण्याला साधारण ५० ग्रॅम, प्लास्टिकच्या टबात घालून त्यात हत्यार पूर्ण बुडवा. दर अर्ध्या-एक तासाने बाहेर काढून भांड्यांच्या ब्रशने घासून बघा. रात्रभर विसरू नका, आम्ल गंज संपला की लोखंड खायला लागतं आणि पृष्ठभाग काळपट, खरखरीत होतो. बाहेर काढलं की पाण्याने धुवा, खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा, परत धुवा, लगेच कोरडं करा आणि लगेच तेल लावा. लगेच म्हणजे खरंच लगेच, आपल्याकडच्या दमट हवेत स्वच्छ लोखंडावर पाच-दहा मिनिटांत नारिंगी छटा येते आणि लोकांना वाटतं उपाय फसला.

पितळ, स्प्रिंग, निघत आलेलं क्रोम आणि मापाची कुठलीही वस्तू या पाण्यात घालू नका. मायक्रोमीटर आणि व्हर्नियर फक्त फडकं आणि मशीनचं तेल, पॉलिश पेपर लावला की रेघाही जातात आणि मापही जातं. बॅटरी चार्जर लावून गंज काढायचा प्रकारही आहे, तो चांगला चालतो पण नवख्याने पहिल्या दिवशी करू नये, आणि केलाच तर उघड्यावर करा आणि दुसऱ्या टोकाला स्टेनलेस स्टील अजिबात लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं.

धार लावताना पातं निळं पडलं की त्याचं पाणी उतरलं, म्हणजे कडकपणा गेला समजा. सारखं पाण्यात बुडवत, हळू हळू. लाकडी मुठी सँडपेपरने गोऱ्या करू नका, वर्षानुवर्षांच्या हाताने आलेली झिलई परत येत नाही, मळ पुसून जवसाच्या तेलाचे दोन-तीन पातळ हात द्या. आणि ते तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, जवसाचं तेल वाळताना तापतं आणि फडक्याचा गोळा आपोआप पेटू शकतो, दोरीवर उघडं पसरून वाळवा, मगच टाका.

पेटीचा रंग. जुन्या रंगात शिसं असू शकतं, आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ च्या शेवटी लागू झाली, त्याआधीच्या रंगाबद्दल खात्री नाही. कोरडा घासून धूळ उडवू नका, वॉटर पेपर आणि पाणी, तोंडाला चांगला मास्क, मुलं लांब. पण माझं मत विचाराल तर रंग काढूच नका. गंजलेल्या जागा तेवढ्या साफ करा, आतून आणि तळाला रेड ऑक्साईड मारा, बिजागऱ्यांना तेल, आणि बाहेरचा जुना हॅमरटोन हिरवा रंग पोच्यांसकट राहू दे. नव्या रंगाने पेटी नवी दिसते, आणि नवीच पेटी हवी असेल तर ती दुकानात मिळते.

पायरी ७: विकायचं असेल तर

भंगारवाल्याला शेवटी बोलवा, आधी नाही. तो वजन करतो, त्यात त्याची चूक नाही, त्याचा धंदाच तो आहे. पण शेफिल्डची पटाशी आणि तुटका खिळा एकाच काट्यावर जातात.

भाव काढताना लोक किती मागतायत ते बघू नका, किती किमतीला वस्तू गेलीये ते बघा. ईबेवर विकल्या गेलेल्या वस्तू वेगळ्या काढून बघता येतात, पण तो परदेशातला भाव, तो तसाच इथे मिळत नाही. मुंबईत चोर बाजारात मटण स्ट्रीटला, पुण्यात जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी एक चक्कर मारा, पहिल्या खेपेला काही न नेता नुसतं विचारून या. व्यापारी अर्धा-पाऊण भाव पाडूनच घेणार, त्याला जागा, वेळ, पुढचं गिऱ्हाईक शोधणं सगळं असतं. थेट वापरणाऱ्याला विकलं तर जास्त मिळतं पण महिने जातात. आमचे व्हिटवर्थ पाने नाशिकच्या एका जुन्या बीएसए वाल्या गृहस्थांकडे गेले, जाहिरात टाकून पाच महिन्यांनी. सेट तोडू नका, ठसा वाचता येईल असे जवळचे फोटो द्या, दोष आपणहून सांगा, आणि "स्वच्छ करून देतो" असं कबूल करू नका, घेणाऱ्याला बहुतेक वेळा तसंच हवं असतं.

कायद्याच्या दोन गोष्टी मात्र विसरू नका. वस्तू १०० वर्षांहून जुनी आणि ऐतिहासिक किंवा कारागिरीच्या दृष्टीने महत्त्वाची असेल तर १९७२ च्या कायद्यात ती पुरावस्तू धरली जाऊ शकते आणि पुरावस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, म्हणून परदेशी गिऱ्हाईक मिळालं तरी किंवा तिकडे राहणाऱ्या मुलाला आजोबांची पेटी पाठवायची असली तरी आधी पुरातत्त्व खात्याकडे विचारून घ्या. आणि जुन्या घडीच्या फूटपट्टीला किंवा पेटीच्या नक्षीला हस्तिदंत असेल तर ते विकायचंच नाही, तो गुन्हा आहे.

पायरी ८: ठेवायचं असेल तर

ठेवणं म्हणजे परत माळ्यावर टाकणं नाही. बाथरूमच्या भिंतीला लागून, गॅलरीत, गच्चीच्या खोलीत नको, आणि पेटी थेट फरशीवर न ठेवता खाली लाकडी पट्ट्या द्या. आत सिलिका जेलच्या पुड्या घाला. खोबरेल लावू नका, ते थंडीत गोठतं आणि नंतर चिकट होऊन धूळ धरतं, शिलाई मशीनचं तेल पातळ लावलं की पुरे. वहीतली यादी आणि पहिल्या दिवशीचे फोटो प्रिंट काढून झाकणाच्या आत ठेवा, कुठलं हत्यार कोणाला दिलं तेही त्यात लिहा.

आमच्या पेटीत आता मायक्रोमीटर, दोन हातोड्या, अण्णांच्या नावाची अक्षरं मारलेला एक पाना आणि ती सुताच्या मुठीची आखणी एवढंच आहे. झाकण घासलेलं नाही. वर्षातून दोनदा सगळं बाहेर काढून तेल लावतो, एकदा पावसाच्या आधी मे अखेरीस आणि एकदा खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, म्हणजे दुसऱ्या दिवशी आई जुन्या टिळ्यांवरच नवा टिळा लावते.